पहाटेच्या गारठ्यात मोटरसायकलवर बोटं बधिर होतात, हातमोजे कोणते घ्यावेत?

विचारणारे गारगोटीचे आहेत. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करतात. पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला मोटरसायकलने निघायचं, मुधाळ तिट्टा आणि मुरगूड करत चाळीसेक किलोमीटर जायचं. डिसेंबर-जानेवारीत मुरगूड यायच्या आतच बोटं बधिर होतात. लोकरीचे हातमोजे घातले, त्यावर दुसरा जोड चढवला, तरी फरक पडला नाही. दोन हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. कोणते घेऊ, असा प्रश्न.

माझं कोल्हापुरात शाहूपुरीत दुचाकीच्या सामानाचं दुकान आहे. हातमोजे विकतो, उसवलेले शिवूनही देतो. दिवाळी सरली की हा प्रश्न दुकानात रोज येतो. गर्दीत दोन वाक्यांत उत्तर दिलं की गिऱ्हाईक समोरचा सगळ्यात जाड जोड उचलतं, आणि नेमका तोच त्याच्या उपयोगाचा नसतो. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

हातमोज्याचं पहिलं काम वारा अडवायचं. दुसरं काम, ब्रेकचा लिव्हर बोटांना नीट कळू द्यायचा. ऊब तिसऱ्या नंबरावर. क्रम उलटा लावला की पैसे जातात आणि बोटंही गार राहतात.

आपल्याकडची थंडी तशी फार नाही. कोल्हापूरचं पहाटेचं तापमान हिवाळ्यात बहुतेक दिवस १४-१५ अंशांच्या आसपास असतं, कडाक्याच्या दिवसांत त्याच्याही खाली येतं. पायी चालणाऱ्याला स्वेटर पुरतो. पण गाडीवर बसलात की वारा तुम्ही स्वतः तयार करता. हवा १० अंशांवर असेल आणि गाडी ताशी ६० ने पळत असेल, तर उघड्या कातडीला ती ५ अंशांच्या हवेसारखी लागते. अंगावर जॅकेट असतं, डोक्याला हेल्मेट असतं, पाय निदान इंजिनच्या आडोशाला असतात. हात मात्र सगळ्यांच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडी.

तुमच्या रस्त्याचं आणखी एक आहे. गारगोटी ते मुरगूड तुम्ही वेदगंगेच्या खोऱ्यातून जाता, दोन्ही बाजूंना पाणी पाजलेला ऊस. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की गार हवा जड होऊन खाली नदीकाठी साचते. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा कितीतरी उंचावर आहे. तरी अशा पहाटे वाघबिळाची चढण चढताना कधीकधी बरं वाटतं आणि खाली पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावर दात वाजतात, ते यामुळेच. पुढे धुकं आलं तर हातमोजा ओला होतो, आणि ओला हातमोजा कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर हात गार करतो. म्हणजे तुमच्या हातमोज्याला वाऱ्याबरोबर दवही अडवायचं आहे.

आता लोकरीचे दोन जोड का चालले नाहीत ते बघू. लोकरीची ऊब तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची असते. विणीच्या भोकांतून वारा आरपार गेला की ती हवा निघून जाते. वरून दुसरा जोड घातला की आतला दाबला जातो, अडकलेली हवा कमी होते आणि बोटं आवळली जातात. आवळलेल्या बोटात रक्त कमी येतं. हाताला ऊब देणारं खरं तर तुमचं रक्तच आहे, हातमोजा ती फक्त धरून ठेवतो. तेव्हा घट्ट हातमोजा कितीही जाड असला तरी गारच.

ते लोकरीचे हातमोजे टाकू नका. पातळ असतील तर वारा अडवणाऱ्या हातमोज्याच्या आत अस्तर म्हणून उत्तम चालतात. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. सुती हातमोज्याचं तसं नसतं. सूत घाम पिऊन बसतं आणि मग तोच ओलावा बोटांना चिकटून राहतो. स्कूटरवर उन्हासाठी घालतात ते कोपरापर्यंतचे सुती हातमोजे थंडीला निरुपयोगी आहेत, हे आमच्या ताईलोकांना मी दरवर्षी सांगतो.

ब्रेकची गोष्ट आता जरा थांबून सांगतो. बोटाच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या आसपास उतरलं की बारीक हालचाली अडखळायला लागतात. बटण लावणं, किल्ली फिरवणं जड जातं. आणखी खाली, ८ अंशांच्या आसपास, स्पर्शच कळेनासा होतो. लिव्हरवर बोट आहे की नाही हे बघून खात्री करावी लागते. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तर ८ मीटर गेलेच. आणि हे दिवस गळीत हंगामाचे. पहाटेच्या अंधारात पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. बैलगाड्याही असतात. मुरगूड ते कागल तुम्हाला हे रोज दिसत असेल. त्या ८ मीटरचा हिशोब मनात ठेवून हातमोजा निवडा. एबीएस असलं तरी ते चाक जाम होऊ देत नाही एवढंच, लिव्हर तुमच्याऐवजी ओढत नाही. स्कूटर चालवणाऱ्यांनी तर डावा हातही तेवढाच जपावा. २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरला जोडब्रेक आहे आणि डावा लिव्हर दोन्ही चाकं धरतो.

म्हणून फार जाड तळव्याचा हातमोजा मी घेऊ देत नाही. पंजाच्या वरच्या बाजूला, म्हणजे वाऱ्याकडे, ऊब हवी. तळव्याकडे एकच पातळ थर हवा, कारण ती बाजू मुठीला लागूनच असते. चांगले हातमोजे असेच शिवलेले असतात. वर अस्तर भरलेलं, खाली नुसतं चामडं आणि पातळ फ्लीस. दुकानात हातमोजा दोन बोटांत धरून आधी पाठ आणि मग तळवा चिमटून बघा. दोन्हीकडे सारखाच गादीसारखा लागला तर खाली ठेवा.

चामड्याबद्दल कोल्हापुरात एक हमखास गैरसमज आहे. आपलं गाव चामड्याचं, चपला इथे बनतात, मग हातमोजेही ओळखीच्या कारागिराकडून शिवून घेऊ, असं लोक म्हणतात. कारागिराच्या हातात कसर नसते. फरक चामड्यात आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. ते टणक असतं, पायाखाली वर्षानुवर्षं टिकतं, आणि चपलेला तेच हवं. पण ते भिजून वाळलं की कडक होतं, आणि तसल्या चामड्यात बोट वाकत नाही. हातमोज्याला बहुतेक करून क्रोमने कमावलेलं चामडं वापरतात. ते पातळ असून मऊ राहतं आणि ओलं होऊन वाळलं तरी बरंचसं पूर्ववत होतं. त्यातही शेळीचं चामडं मला सगळ्यात आवडतं. पातळ असूनही चिवट, आणि लिव्हर बोटाला लगेच कळतो. गाईम्हशीचं थोडं जाड, रगड, पण अंगवळणी पडायला वेळ घेतं. कारागिराकडूनच करून घ्यायचं असेल तर चामडं हातमोज्याचं आणून द्या आणि बोटांच्या शिवणी बाहेरच्या बाजूला घ्यायला सांगा.

दुसरा घोळ फौंड्रीच्या हातमोज्यांचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे हे सहज मिळतात, कारखान्यातून घरीही येतात. राखाडी किंवा पिवळट, खरबरीत चामड्याचे, मनगटापुढे रुंद तोंडाचे. पहाटे रस्त्यावर निम्म्या हातांवर हेच दिसतात. ते तापलेल्या कास्टिंगपासून आणि ठिणग्यांपासून हात वाचवायला केलेले असतात. रुंद तोंड मुद्दाम असतं, आत काही पडलं तर हात झटकन काढता यावा म्हणून. गाडीवर त्याच तोंडातून वारा थेट आत शिरतो. चामडं दुभागलेलं, आतल्या थराचं, दव पिऊन जड होणारं. बोटांच्या शिवणी आतून जाड, लिव्हरवर बोट दाबलं की शिवण टोचते, मग माणूस ब्रेकवर बोटं ठेवायचंच टाळतो. कामावर ते हातमोजे योग्य आहेत. गाडीवर नाहीत.

वारा आणि पाणी अडवण्यासाठी आत एक पातळ पडदा असतो. गोअर-टेक्स हे त्यातलं माहीत असलेलं नाव, ते महाग. इतर कंपन्यांचे पडदेही बरे असतात. पडदा आहे की नाही हे ओळखायची साधी युक्ती आहे. हातमोज्याच्या तोंडाला आपलं तोंड लावायचं, बाजू मुठीने आवळून बंद करायची आणि जोरात फुंकायचं. हवा बोटांच्या टोकाशी किंवा शिवणीतून सहज बाहेर आली तर वाराही तिथूनच आत येणार. चांगला हातमोजा फुग्यासारखा फुगून बसतो. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे. आधी विचारून करा.

उबेच्या अस्तरावर थिन्सुलेट असं लिहिलेलं असेल तर पुढे ग्रॅमचा आकडा असतो, ४०, १००, १५० असा. तो एका चौरस मीटर अस्तराचं वजन सांगतो. आपल्या थंडीला ४० पुष्कळ झालं. १०० आणि १५० चे हातमोजे मनाली, लेहकडे जाणाऱ्यांनी बघावेत. आपल्याकडे त्यात हात घामाजून निघतो, आणि घाम आला की कागलच्या अलीकडे तोच गार पडतो.

मापाबद्दल. तळहाताचा घेर मोजायचा, अंगठा सोडून, बोटांची मुळं जिथे सुरू होतात तिथे, शिंप्याच्या टेपने. हात सैल उघडा ठेवायचा. साइज ८ म्हणजे घेर साधारण २०३ मिलिमीटर, म्हणजे आठ इंच. ९ म्हणजे नऊ इंच. एक्सेल, डबल एक्सेल हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यावर जाऊ नका. आत लोकरीचा पातळ जोड घालणार असाल तर तो घालूनच माप बघा. बायकांना आपल्या बाजारात नीट मापाचा हातमोजा मिळणं अवघड जातं, हे खरं आहे. पुरुषांचा स्मॉल घेऊन चालत नाही. त्यात बोटं लांब पडतात, टोकाला रिकामी पिशवी राहते आणि ती लिव्हर आणि मुठीच्या मध्ये चिमटली जाते. थोडं थांबा, मागवून घ्या, पण लांब बोटांचा घेऊ नका.

घालून बघायची पद्धत अशी. दोन्ही हातांत घाला. मूठ आवळा. बोटांच्या टोकाशी अगदी थोडी, पाव इंचाहून कमी जागा राहिली पाहिजे. बोटाच्या बेचक्यात ताण यायला नको, आला तर अर्ध्या तासाने अंगठा दुखणार. मग दुकानाबाहेर आपल्या गाडीवर बसा. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. दोन बोटांनी ब्रेक ओढा, क्लच ओढा, इंडिकेटर डावा-उजवा करून बंद करा, हॉर्न वाजवा, डिपर मारा. इंडिकेटरचं बटण अंगठ्याला शोधावं लागलं तर तो हातमोजा अंधारात त्रास देणार. शेवटी हात बाहेर काढताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. बोटाबरोबर अस्तर बाहेर ओढलं जातं का? स्वस्तातल्या हातमोज्यांत अस्तर टोकाशी पकडलेलंच नसतं. घरी कोरड्या हाताने कळत नाही. पाळी सुटताना दमट हाताने हातमोजा काढलात की अस्तर उलटं होऊन बाहेर येतं, आणि मग ते बोट परत आत जात नाही. बोटाच्या टोकाला चिमटीत धरून आतलं अस्तर ओढून बघा, हललं तर घेऊ नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत हीच तक्रार सगळ्यात जास्त असते, आणि ती धड दुरुस्त होत नाही.

पडण्याचाही विचार करायला हवा. गाडीवरून पडताना माणूस हात पुढे करतोच, ती प्रतिक्रिया थांबवता येत नाही. सगळा भार तळव्याच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर येतो. तिथे चामड्याचा दुसरा तुकडा किंवा घसरता कडक प्लास्टिकचा बिल्ला असला की हात रस्त्याला अडकत नाही, सरकतो, आणि मनगटातलं बारीक हाड वाचतं. ते मोडलं तर जुळायला महिने घेतं. हेल्मेटवर जशी आयएसआय शिक्क्याची सक्ती आहे तशी हातमोज्यांना नाही. युरोपचं मानक ईएन १३५९४ आहे. त्यात मोटरसायकलस्वाराचं चित्र, शेजारी १ किंवा २ ही पातळी, आणि बोटांच्या सांध्यांवरचं कवच तपासलेलं असेल तर केपी ही अक्षरं असतात. हे लेबल आतल्या बाजूला शिवलेलं असतं. ईएन ३८८ लिहिलेलं दिसलं तर तो कारखान्याच्या कामाचा हातमोजा समजावा. आकडे बघून बरेच जण फसतात.

मनगट मात्र कुणी बघत नाही. वैद्य नाडी बघतात तिथे रक्तवाहिनी कातडीच्या अगदी खाली असते. जॅकेटची बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये दोन बोटांची फट राहिली की बोटांकडे जाणारं रक्त तिथेच गार होतं. मग पुढे कितीही उबदार हातमोजा असू द्या. तुमच्या बाबतीत निम्मा दोष या फटीचा असेल असं मला वाटतं, कारण लोकरीचा हातमोजा मनगटाच्या हाडाशीच संपतो. लांब तोंडाचा हातमोजा घ्या, जो बाहीवर चढेल आणि वेल्क्रोने आवळता येईल. एक वेल्क्रो मनगटाला आणि दुसरी तोंडाला असेल तर उत्तम. पावसात मात्र उलटं करायचं, हातमोजा आत आणि रेनकोटची बाही वर, नाहीतर पाणी बाहीवरून ओघळून थेट हातमोज्यात उतरतं.

छातीचंही तसंच आहे. अंग गारठलं की शरीर आधी काळीज-फुप्फुसं सांभाळतं आणि हातापायांचं रक्त कमी करतं. जॅकेटमधून वारा छातीला लागत असेल तर हातमोजा काय करणार? आपले दूधवाले पूर्वीपासून स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. कागदातून वारा जात नाही. तुम्हीही करून बघा, एक पैसा खर्च नाही. तंबाखू किंवा सिगारेट निघायच्या आधी नको. त्याने हाताच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं जास्त लवकर गार पडतात.

गाडीवरही थोडं काम करता येतं. नकलगार्ड बसवा. हँडलच्या पुढे येणारी ती प्लास्टिकची ढाल थेट वारा बाजूला काढते, आणि माझ्या मते हजार रुपयांच्या आत मिळणारा थंडीवरचा यापेक्षा चांगला उपाय नाही. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. लिव्हर किंवा केबल कुठे घासत असेल तर परत बसवून घ्या. रेक्झिनची हँडल कव्हर, ज्यात हात कोपरापर्यंत घालतात, ती उबेला झकास, दूधवाल्यांकडे सर्रास दिसतात. पण मऊ कव्हर वाऱ्याने लिव्हरवर दाबलं जातं आणि पडताना हात पटकन सुटत नाही. ताशी तीस-चाळीसने गावातल्या गावात फिरणाऱ्याला ठीक, हायवेला नको. मुठीवर जाड स्पंज चढवणंही नको. हातमोज्यासकट मूठ इतकी जाड होते की पकड सुटते आणि बोटं लिव्हरपर्यंत पोचत नाहीत. तापणाऱ्या मुठी मिळतात, त्या साधारण ३०-४० वॅट खातात. लहान गाडीच्या बॅटरीला तो भार झेपेल का हे मेकॅनिकला विचारल्याशिवाय लावू नका. आपल्या थंडीला त्यांची गरजही नाही.

हातमोज्याच्या आत प्लास्टिकची पिशवी किंवा डॉक्टरांचे रबरी हातमोजे घालतात, तेही लोक विचारतात. अचानक गारठा लागला आणि दुसरं काही नसलं तर वीस मिनिटं भागतं. त्यापुढे आत घाम साचतो. पिशवी बाहेरून तर कधीच घालू नका, लिव्हरवरून बोट घसरतं.

तुम्ही फौंड्रीत आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम विचारतो. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या नगांच्या कडा घासून साफ करायच्या कामाला, आहात का? हातात ग्राइंडर किंवा हवेवर चालणारं हत्यार तासन्‌तास धरावं लागतं का? तसं असेल आणि थंडीत तुमची एक-दोन बोटं अगदी पांढरीफटक पडत असतील, पांढऱ्या भागाची कड स्पष्ट दिसत असेल, मग निळसर आणि शेवटी लाल होऊन ठणकत असतील, तर तो नुसता गारठा नाही. हादऱ्यांनी बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, त्याचं ते लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दाखवा आणि कामाचं स्वरूप त्यांना नक्की सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. मधुमेह असेल तरी दाखवा. या बाबतीत हातमोजा बदलून वेळ काढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बधिर झालेले हात सायलेन्सरजवळ धरणं किंवा शेकोटीत जवळजवळ खुपसणं हे आपल्याकडे सगळे करतात. बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं. हात काखेत धरा. किंवा गाडी बाजूला लावून दोन्ही हात खांद्यापासून जोरात गोल फिरवा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत फेकलं जातं आणि मिनिटाभरात मुंग्या येऊन हात मोकळे होतात. मुधाळ तिट्ट्यावर चहाला थांबलात तर कप दोन्ही हातांनी धरून प्या. पाच मिनिटं आधी निघा, पण थांबा.

चारचाकीवाल्यांचाही प्रश्न असतो, त्यांना थोडक्यात सांगतो. लोकरीचे हातमोजे घालून स्टिअरिंग धरू नका, ते गुळगुळीत स्टिअरिंगवर सरकतं. तळव्याला चामडं असलेला पातळ हातमोजा पुरे, आणि गाडी गरम झाली की काढून ठेवा.

आता तुमचे दोन हजार कसे खर्च करायचे ते सांगतो. सगळे हातमोज्यावर घालवू नका. पाचसातशेपर्यंत नकलगार्ड. उरलेल्या तेराशेच्या आसपास लांब तोंडाचा, वारा अडवणारा, शेळीच्या चामड्याचा तळवा असलेला, पातळ अस्तराचा हातमोजा. या किमतीत पाणी पूर्ण अडवणारा पडदा मिळेलच असं नाही. वारा अडवणारा मिळतो, आणि दवाला तेवढं पुरतं. आतून तुमचाच लोकरीचा पातळ जोड, म्हणून बाहेरचा अर्धं माप मोठा. हातमोज्याच्या डाव्या अंगठ्यावर किंवा तर्जनीवर काच पुसायची रबरी पट्टी असेल तर तो आधी घ्या. धुक्यात हेल्मेटच्या काचेवर दव बसतं, ते चामड्याने पुसलं की नुसतं फासलं जातं. मोबाइलच्या स्क्रीनला चालणारं बोट आहे का, याला मी महत्त्व देत नाही. रंग काळा नको. पाठीवर रिफ्लेक्टरची पट्टी असलेला मिळाला तर हात दाखवताना मागच्याला दिसतो.

पहिल्या पहाटेसाठी नवा हातमोजा राखून ठेवू नका. आठवडाभर संध्याकाळी घरी येताना घाला, चामडं बोटांच्या वळणाला बसू दे. ओला झाला तर अस्तर न उलटता, आत कागदाचे बोळे घालून सावलीत वाळवा. उन्हात टाकीवर किंवा गरम इंजिनवर ठेवलेलं चामडं, क्रोमचं असलं तरी, आकसतं. हंगाम संपला की डिकीत ठेवून देऊ नका. आपल्या पावसाळ्यात जूनपासून बुरशी धरते आणि ऑक्टोबरमध्ये उघडाल तेव्हा अस्तराला वास मारत असेल. घरात कपाटात, हवा लागेल असे सुटे ठेवा. बोटाच्या टोकाची शिवण उसवली तर चप्पल शिवायच्या जाड दोऱ्याने शिवून घेऊ नका, आतून गाठ टोचते. बारीक नायलॉन दोरा आणि बारीक सुई असलेल्याकडेच द्या.